सोनोग्राफीला थॅलेसेमिया का दिसत नाही

पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी 'नॉर्मल' आली की बाळाच्या रक्ताचीही काळजी मिटली, असं पुण्यात आजही कित्येक घरांत समजतात. बीटा थॅलेसेमिया म्हणजे हिमोग्लोबिनची बीटा साखळी नीट न बनण्याचा आनुवंशिक आजार; त्याच्या बाबतीत हा समज फार महागात पडतो. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन मुख्यतः अल्फा आणि गॅमा या प्रथिनांच्या साखळ्यांचं असतं, बीटा साखळीची खरी गरज जन्मानंतर लागते. त्यामुळे थॅलेसेमिया मेजर (आई-वडील दोघांकडून दोष आलेला गंभीर प्रकार) असलेलं बाळही पोटात नीट वाढतं आणि जन्मानंतर काही महिन्यांनी फिकट पडू लागतं. सिकलसेलचंही (तांबड्या पेशी विळ्यासारख्या होतात तो आजार) तसंच. अपवाद अल्फा थॅलेसेमियाच्या सर्वांत गंभीर प्रकाराचा: त्यात बाराव्या-तेराव्या आठवड्यातच हृदय छातीच्या निम्म्याहून रुंद दिसतं, वार जाड होते, पुढे अंगात पाणी साठतं. तो आग्नेय आशियात जास्त, आपल्याकडे विरळा.

म्हणून सोनोग्राफीचं इथलं खरं काम सुईला वाट दाखवण्याचं. 1970च्या दशकात अठराव्या-विसाव्या आठवड्यात दुर्बिणीतून बाळाचं रक्त काढून त्यातल्या साखळ्यांचं प्रमाण मोजत. त्यात गर्भ दगावण्याची भीती मोठी होती. 1983मध्ये पॅरिसमध्ये दाफोस यांच्या गटाने सोनोग्राफीच्या आधारे नाळेतून रक्त घेण्याची पद्धत मांडली. त्याच सुमारास वारेच्या तंतूंतला डीएनए पहिल्या तिमाहीतच तपासता येऊ लागला आणि 1985मध्ये पीसीआर (डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याचं तंत्र) आल्यावर चिमूटभर ऊतीवर काम भागू लागलं.

आज अकरा ते तेरा आठवड्यांत सीव्हीएस, म्हणजे वारेच्या तंतूंचा नमुना घेण्याची तपासणी, करतात. पडद्यावर सुईचं टोक सतत दिसत ठेवून ते वारेत नेतात, सिरिंजने ओढ देत सुई मागेपुढे करतात आणि काही मिलिग्रॅम तंतू घेतात. पुढची पायरी सर्वांत नाजूक: सूक्ष्मदर्शकाखाली आईच्या गर्भाशयाचा थर वेचून काढणे. तो राहिला तर आईचाच डीएनए वाचला जातो आणि आई वाहक (एकच सदोष जनुक असलेली) असल्याने आजारी बाळही 'मायनर', म्हणजे नुसतं वाहक, ठरू शकतं. चांगली प्रयोगशाळा म्हणूनच आईचा नमुना शेजारी लावून भेसळ तपासते. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर तिला द्यायचं अँटी-डी इंजेक्शन विसरू नये.

पुण्याला हा विषय जवळचा आहे. फाळणीनंतर पिंपरी कॅम्पात वसलेल्या सिंधी समाजात वाहकांचं प्रमाण जास्त, त्यांच्यात बीटा जनुकातला 619 बेस जोड्यांचा (डीएनएच्या अक्षरांचा) तुकडा गळालेला दोष वारंवार सापडतो. नंदुरबार, विदर्भाकडून येणाऱ्या कुटुंबांत सिकलसेल दिसतो. लिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या 1994च्या कायद्यानेही हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी गर्भतपासणीची मुभा ठेवली आहे, मात्र नोंदणीकृत केंद्रात आणि लेखी संमतीनेच.

अडतं ते वेळेवर. पती-पत्नी दोघांचे दोष आधी माहीत नसतील तर गर्भाच्या नमुन्यात नेमकं काय शोधायचं तेच प्रयोगशाळेला कळत नाही. त्यामुळे पहिल्याच भेटीत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी) करावी. एचबीए2 हा हिमोग्लोबिनचा प्रकार साधारण 3.5 टक्क्यांच्या वर गेला तर त्याच आठवड्यात पतीचं रक्त पाठवावं.