मिशनच्या पैशापासून दशमांशापर्यंत

पुण्यातल्या सर्वांत जुन्या चर्चची जमीन पेशव्यांनी दिलेली आहे. सवाई माधवरावांच्या फौजेत ख्रिस्ती शिपाई होते. त्यांच्यासाठी आजच्या क्वार्टर गेटजवळ जागा मिळाली आणि १७९२च्या नाताळात तिथे पहिलं मिस्साबलिदान, म्हणजे कॅथलिक उपासना, झालं. म्हणजे इथल्या ख्रिस्ती समाजाचा पहिला ठेवा दुसऱ्याच्या औदार्याचा. पुढच्या शतकात मिशनऱ्यांच्या शाळा, दवाखाने, वसतिगृहं आली, पैसा बाहेरून येत राहिला आणि ‘मिशनच्या पैशावर जगणारे’ हा टोमणा मंडळीला, म्हणजे चर्चच्या समुदायाला, चिकटला. तो अगदीच निराधार होता, असं नाही.

या गोष्टीला कलाटणी दिली ती पंडिता रमाबाईंनी. १८८९मध्ये मुंबईत विधवांसाठी काढलेलं शारदासदन त्यांनी पुढच्याच वर्षी पुण्यात आणलं. खर्चाची हमी बॉस्टनच्या रमाबाई असोसिएशनची, तीही दहा वर्षांपुरती. मुदत संपल्यावर उत्पन्न असावं म्हणून बाईंनी केडगावला जमीन घेतली आणि फळबाग लावली. हिशेब चोख होता, पण १८९६-९७च्या दुष्काळाने तो मोडला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेग, शिवाय असोसिएशनचा पैसा विधवांच्या शिक्षणासाठी बांधलेला. मग या मुली ठेवायच्या कुठे? केडगावच्या त्याच शेतावर. बाईंचे स्वतःचे आईवडील १८७४मध्ये उपासमारीने गेले होते, हे लक्षात घेतलं की या निर्णयाचं फार नवल वाटत नाही. ब्रिस्टलचे जॉर्ज म्युलर कोणापुढे हात न पसरता प्रार्थनेच्या भरवशावर अनाथालयं चालवत. त्यांचं चरित्र रमाबाईंनी वाचलं होतं, आणि पुढे केडगावची त्यांची संस्था, मुक्ती मिशन, त्याच भरवशावर चालली.

दुसरी वाट मठवासी व्रताची. पंचहौदाच्या परिसरात इंग्लंडमधल्या वाँटेजच्या सिस्टर्स, म्हणजे अँग्लिकन जोगिणी, दारिद्र्याचं व्रत घेऊन राहत होत्याच. १९२२मध्ये इंग्रज मिशनरी जॅक विन्स्लो यांनी ख्रिस्त सेवा संघ काढला, त्याचा आश्रम पुढे शिवाजीनगरला आला. इंग्रज आणि भारतीय माणसं तिथे खादी घालून एकत्र राहत, मालमत्ता सामाईक.

याला आधार बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा: विश्वासणाऱ्यांचं सगळं समाईक होतं, बर्णबाने शेत विकून पैसे प्रेषितांच्या पायाशी ठेवले. पण लगेच पुढच्या अध्यायात हनन्या-सप्पीरा हे जोडपं आहे: जमीन विकून काही पैसे मागे ठेवले, सगळे दिल्याचं भासवलं आणि दोघंही मेले. ती गोष्ट बहुतेकदा अर्धीच सांगितली जाते. शेत तुझंच होतं, विकल्यावरचा पैसाही तुझ्याच हाती होता, असं प्रेषित पेत्र हनन्याला बजावतो. दोष खोटं बोलण्याचा, पैसे राखण्याचा नव्हे.

साध्या मंडळीत दान दिसतं ते हंगामाच्या, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानण्याच्या, सणाला. वेदीपुढे भोपळे, ज्वारीची कणसं, अंडी, एखादी कोंबडी. उपासनेनंतर लिलाव. केळ्यांचा घड बाजारभावाच्या कितीतरी पट किमतीला जातो, घेणारा तो तिथेच परत देतो आणि पुन्हा बोली सुरू! शेत नसलेली शहरी माणसं यात सगळ्यांत हौशी असतात.

अलीकडे टीव्हीवरच्या उपदेशकांनी ‘बी पेरा, शंभरपट मिळेल’ असा सौदा शिकवला. मला तो रमाबाईंच्या अगदी उलट वाटतो. त्यांनी परताव्यासाठी घेतलेलं शेतच देऊन टाकलं होतं. मंडळीत मात्र वाद रंगतो तो दशमांश, म्हणजे देवाला द्यायचा उत्पन्नाचा दहावा भाग, एकूण पगारावर काढायचा की कापून हातात येणाऱ्या रकमेवर, यावर. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात टक्केवारी सांगितलेली नाही. ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, एवढंच तो लिहितो.