युनियनच्या फंडाचा हिशोब मागायचाय? कोण मागू शकतं, अर्ज कुठे करायचा, कागद कुठले लागतात

दर महिन्याला पगारातून युनियनची वर्गणी कापली जाते, पगारवाढीचा करार झाला की फरकाच्या रकमेतून एकरकमी वेगळी कपात होते, मधेच कोर्ट केससाठी म्हणून पावती फाडली जाते, आणि या सगळ्या पैशांचं पुढे काय झालं असं कुणी विचारलं की त्याला मॅनेजमेंटचा माणूस ठरवून मोकळं होतात. म्हणून हे सगळं एका जागी लिहितोय. हिशोब मागणं म्हणजे युनियन फोडणं नाही, पैसे कामगाराच्या घामाचे आहेत आणि ते बघायचा हक्क कायद्यानेच दिलाय, आजपासून नाही तर १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यापासून. तो कायदा आता गेला, २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली, पण सभासदाचा हा हक्क नव्या संहितेत तसाच ठेवलाय. जुन्या कायद्यात कलम २० होतं, आता कलम १९ बघायचं.

सगळ्यात आधी एक गोष्ट तपासा, नाहीतर सहा महिने चुकीच्या ऑफिसात फेऱ्या मारत बसाल. तुमचे पैसे नक्की कुठे जातात? कारण एकाच नोटीस बोर्डावर युनियन, कामगारांची पतपेढी आणि वेल्फेअर फंड असे तिघं असतात, पदाधिकारी बऱ्याचदा तेच असतात, पण कायदा प्रत्येकाचा वेगळा. पतपेढी सहकार कायद्यात येते, तिची तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधक किंवा सहायक निबंधकाकडे. वेल्फेअर फंडाची संस्था सोसायटी म्हणून आणि पब्लिक ट्रस्ट म्हणून नोंदलेली असेल तर महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांकडे. आणि ट्रेड युनियन म्हणून नोंदणी असेल तरच युनियन रजिस्ट्रारकडे, म्हणजे निबंधकाकडे, जो कामगार खात्याचा अधिकारी असतो. वर्गणीच्या पावतीवर किंवा लेटरहेडवर नोंदणी क्रमांक छापलेला असतो, तो बघून घ्या. क्रमांकच नसेल तर कामगार आयुक्त कार्यालयात त्या नावाची युनियन नोंदलेली आहे का ते विचारा. नोंदणीच नसेल तर रजिस्ट्रारचा त्या फंडावर काहीच अधिकार चालत नाही, मग पुढचा रस्ता सरळ पोलीस आणि कोर्टाचा.

आता पात्रता. खातेवह्या आणि सभासदांची यादी बघायचा हक्क पदाधिकाऱ्याला आहे आणि सभासदालाही आहे. साधा सभासद चालतो, कमिटीवर असायची गरज नाही, कुणाची शिफारस लागत नाही, शंभर सह्या गोळा करायची सक्ती नाही. फक्त तुम्ही सभासद आहात हे कागदावर दिसलं पाहिजे आणि वर्गणी थकलेली नको, कारण "हा सभासदच नाही" हे पहिलं उत्तर तिथूनच येतं. म्हणून ज्या महिन्यात अर्ज करणार त्या महिन्यापर्यंतची वर्गणी भरून टाका, आणि पगारातून कपात होत असेल तर त्या पगार स्लिपा सांभाळून ठेवा, त्याच तुमचा पुरावा आहेत.

पहिला अर्ज रजिस्ट्रारला नाही, युनियनच्या सरचिटणीसाला करायचा. हे लोक टाळतात आणि इथेच प्रकरण कच्चं राहतं. अर्जात एवढंच लिहा की मी अमुक क्रमांकाचा सभासद आहे, कलम १९ आणि युनियनच्या घटनेप्रमाणे (घटना म्हणजे युनियनची नियमावली) मला अमुक अमुक वर्षांचं कॅशबुक, पावती पुस्तकं, बँक पासबुक, ऑडिट झालेला जमाखर्च आणि ताळेबंद बघायचाय, कृपया तारीख आणि वेळ कळवा. आरोप करू नका, चोर, घोटाळा, खाल्ले असले शब्द या अर्जात अजिबात नकोत, कितीही राग आला तरी. वेळ कुठली द्यायची हे युनियनच्या घटनेत लिहिलेलं असतं, म्हणून घटनेची प्रत आधी मिळवा. फंड सुरक्षित कसा ठेवायचा, दरवर्षी ऑडिट कसं करायचं आणि सभासदांना वह्या कशा बघू द्यायच्या याची तरतूद घटनेत असल्याशिवाय युनियनची नोंदणीच होत नाही, त्यामुळे "आमच्याकडे तशी पद्धत नाही" हे उत्तर चालत नाही. अर्ज हातात दिला तर आपल्या प्रतीवर सही आणि तारीख घ्या, सही देत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पोचल्याची नोंद प्रिंट काढून ठेवा. पंधरा दिवस थांबा, मग एक स्मरणपत्र द्या. हे पंधरा दिवस कायद्यात लिहिलेले नाहीत, पण रजिस्ट्रारसमोर आपण वाजवी संधी दिली होती हे दिसतं.

वह्या बघायला मिळाल्या तर काय बघायचं? युनियनचा सर्वसाधारण फंड कशावर खर्च करायचा हे मोकळं सोडलेलं नाही. जुन्या कायद्याच्या कलम १५ मध्ये यादीच होती: ऑफिसचा खर्च आणि ऑडिट, पदाधिकाऱ्यांचा पगार-भत्ता, कामगारांच्या हक्कासाठी कोर्टकचेरी, संपामुळे नुकसान झालेल्यांना भरपाई, आजारपण, अपघात, म्हातारपण, मृत्यू यात सभासदाला किंवा त्याच्या घरच्यांना मदत, शिक्षण, युनियनचं मासिक वगैरे. नव्या संहितेत कलम १५ च आहे, फक्त यादी नियमांमधून ठरते आणि त्या बाहेर खर्च करता येत नाही. म्हणजे पदाधिकाऱ्याला पगार-भत्ता घेणं गुन्हा नाही, हे लक्षात घ्या, प्रश्न असा विचारायचा की ठराव झाला होता का, मिनिट्समध्ये नोंद आहे का, व्हाउचर आहे का. राजकारणासाठी पैसे हवे असतील तर वेगळा फंड लागतो, त्यात वर्गणी देणं पूर्णपणे ऐच्छिक असतं, आणि ती न देणाऱ्याला युनियनमध्ये दुय्यम वागणूक देता येत नाही. राजकीय निवडणुकीच्या प्रचाराला सर्वसाधारण फंडातून पैसे गेले असतील तर तेवढी एक नोंदसुद्धा तक्रारीला पुरेशी आहे. आणि करारानंतरची ती एकरकमी कपात, ती सगळी बँकेत जमा झाली का ते कंपनीने दिलेल्या चेकच्या किंवा ट्रान्सफरच्या रकमेशी ताडून बघा, माझ्या मते सगळ्यात मोठी गळती असेल तर ती इथेच सापडते, कारण महिन्याची वर्गणी छोटी असते आणि हा आकडा मोठा.

वह्या दाखवल्याच नाहीत तर मग रजिस्ट्रार. इथे एक गैरसमज काढून टाकतो. रजिस्ट्रार तुमचे पैसे परत मिळवून देत नाही, तो कोर्ट नाहीये, पदाधिकाऱ्याला शिक्षा करणं किंवा दोन गटातला खरा अध्यक्ष कोण हे ठरवणं त्याच्या हातात नाही. त्याच्या हातात आहेत कागद. प्रत्येक नोंदणीकृत युनियनने दरवर्षी ऑडिट केलेलं वार्षिक विवरणपत्र त्याच्याकडे पाठवायचं असतं, त्यात वर्षभराची जमा, खर्च, मालमत्ता, देणी, शिवाय वर्षात पदाधिकारी बदलले असतील तर ते. हे आता कलम २६ मध्ये आहे, आधी २८ मध्ये होतं. आणि त्याच कलमात रजिस्ट्रारला किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याला युनियनच्या ऑफिसात जाऊन खातेवह्या तपासायचा किंवा त्या मागवून घ्यायचा अधिकार आहे. विवरणपत्र दिलं नाही तर पदाधिकाऱ्यांना दंड आहे, मुद्दाम खोटी नोंद केली तर जास्त दंड आहे, आणि संहितेचा किंवा स्वतःच्या घटनेचा भंग झाल्याची माहिती मिळाली तर लेखी नोटीस देऊन नोंदणी रद्द करण्यापर्यंत रजिस्ट्रार जाऊ शकतो. पण नोंदणी रद्द करा अशी मागणी तुम्ही शक्यतो करू नका. चोर पदाधिकारी जाईल का माहीत नाही पण युनियन नक्की जाईल, आणि मॅनेजमेंटला तेच हवं असतं. मागणी अशी लिहा: कलम २६ खाली वह्यांची तपासणी करावी, विवरणपत्रं दाखल झाली आहेत का ते कळवावं, नसतील तर कारवाई करावी.

तक्रारीला जोडायचे कागद: सभासद कार्ड किंवा वर्गणीच्या पावत्या, कपात दिसणाऱ्या पगार स्लिपा, सरचिटणीसाला दिलेल्या अर्जाची आणि स्मरणपत्राची पोच, युनियनच्या घटनेची प्रत, ओळखपत्राची झेरॉक्स, आणि जो व्यवहार खटकतोय त्याचा जो काही पुरावा असेल तो, नोटीस, ठराव, फोटो काहीही. सगळ्यावर स्वतःची सही करून स्वसाक्षांकित करा, दोन प्रती करा, एकीवर आवक शिक्का घ्या. एकट्याने दिली तरी चालते पण पाच-दहा जणांनी मिळून दिली तर अंगावर येणारा दबाव वाटला जातो.

माहिती अधिकार हा याच्या बरोबरीने वापरायचा. युनियन स्वतः सहसा आरटीआयखाली येत नाही पण रजिस्ट्रारचं ऑफिस येतं, आणि विवरणपत्रं तिथेच पडलेली असतात. शिवाय २००५ च्या कायद्यात माहितीच्या व्याख्येत, सरकारी कार्यालय दुसऱ्या कायद्याखाली खासगी संस्थेकडून जी माहिती मिळवू शकतं तीसुद्धा धरली आहे, हा मुद्दा अर्जात जरूर लिहा. महाराष्ट्रात फी १० रुपये, कोर्ट फी स्टँप लावला तरी चालतो, मजकूर १५० शब्दांच्या आत आणि एका अर्जात एकच विषय. सभासदांची नावं-पत्ते मागू नका, खासगी माहिती म्हणून सगळाच अर्ज अडकेल. आणि वर्ष लिहिताना एप्रिल ते मार्च लिहू नका, युनियनचं विवरणपत्र ३१ डिसेंबरला संपणाऱ्या वर्षाचं असतं, चुकीचं वर्ष लिहिलं की "माहिती उपलब्ध नाही" असं उत्तर येतं आणि ते उत्तर खोटंही नसतं. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

कारभाराबद्दल किंवा निवडणुकीबद्दल सभासद आणि युनियन यांच्यात वाद असेल, म्हणजे वार्षिक सभाच घेत नाहीत किंवा हिशोब मागितला म्हणून तुम्हाला काढून टाकलं, तर औद्योगिक संबंध संहितेच्या कलम २२ खाली औद्योगिक न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. दिवाणी कोर्टाचा रस्ता आता या वादांसाठी बंद आहे, त्यामुळे जुना सल्ला देणाऱ्यांचं ऐकताना जपून.

आणि पैसे सरळ खिशात गेल्याचं कागदावर दिसत असेल तर पोलीस. विश्वासाने सोपवलेले पैसे स्वतःसाठी वापरणं हा फौजदारी विश्वासघात, भारतीय न्याय संहिता कलम ३१६, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. १ जुलै २०२४ च्या आधीचा प्रकार असेल तर जुन्या भारतीय दंड विधानाचं (भादंवि) कलम ४०६ लागतं, त्यात शिक्षा तीन वर्षांपर्यंतच असल्यामुळे कोर्टाने गुन्ह्याची दखल घ्यायची तीन वर्षांची मुदतही आडवी येऊ शकते, म्हणून जुनं प्रकरण असेल तर रजिस्ट्रारच्या उत्तराची वाट बघत बसू नका, तक्रार आधी देऊन ठेवा. ठाण्यात घेतली नाही तर तीच तक्रार लेखी पोलीस अधीक्षकांना पाठवायची, शहरात असाल तर आयुक्तालयातल्या वरिष्ठांना, तिथेही काही झालं नाही तर प्रतिज्ञापत्र जोडून मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. ठाण्यात जाताना फाईल तारखेप्रमाणे लावून न्या, वर एका पानावर कुठल्या तारखेला किती जमा झाले, किती खर्च दाखवले आणि किती रकमेचा पत्ता नाही एवढंच लिहा, कारण समोरच्या अधिकाऱ्याला युनियनचं राजकारण ऐकण्यात रस नसतो, त्याला आकडा आणि कागद लागतो.