पुलवार

पुलवार : अफगाणिस्तान व त्याच्या पूर्वेकडील सरहद्द भागातील पश्तून (पठाण) लोकांची एकधारी, वक्र तलवार. उपलब्ध नमुने बहुतेक अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतले मानले जातात. काहींची पाती त्याहून जुनी असावीत.

केवळ पात्यावरून पुलवार ओळखता येत नाही. इराणी शमशेरीचे किंवा हिंदुस्थानी तलवारीचे जुने पाते नव्या मुठीत बसवण्याची रीत होती. पात्यावर असदुल्ला इस्फहानी हे नाव आढळले, तरी तेवढ्यावर काळ ठरवू नये. या कारागिराची ख्याती एवढी, की ते नाव पुढे इतरांच्या पात्यांवरही कोरले गेले. खरी ओळख मुठीत आहे. हिंदुस्थानी तलवारीच्या मुठीच्या माथ्यावर चपटी चकती असते, तर पुलवारीला तिथे पोकळ वाटी असते आणि पुष्कळदा तिला जाळीकाम केलेले असते. पकडीपुढील आडव्या दांडीची दोन्ही टोके पात्याकडे वळतात. काहींवर झिजलेली व्यालमुखे (ड्रॅगनसारख्या काल्पनिक प्राण्याची तोंडे) बोटाला अजून जाणवतात.

या मुठीच्या उगमाविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार ती तैमूरी-इराणी परंपरेतली; पंधराव्या शतकातील जेड दगडाची व्यालमुखी दांडी त्यासाठी पुराव्यादाखल दाखवतात. दुसरे मत तिचे मूळ दख्खनच्या सुलतानशाह्यांतील जुन्या मुठींत शोधते. दख्खनच्या दरबारांत इराणी माणसांची सतत ये-जा होती, हे लक्षात घेता दोन्हींचे मूळ एकच असणे अधिक संभवनीय वाटते.

पुलवारीबरोबर पठाणांच्याच खैबर छुऱ्याचाही उल्लेख आवश्यक आहे. छुरा आणि मराठी ‘सुरा’ हे दोन्ही शब्द संस्कृत ‘क्षुर’वरून आलेले. युरोपीय ग्रंथांत त्याला ‘सालावार याताघान’ म्हटले आहे, परंतु तुर्की याताघानशी त्याचा संबंध नाही. लांब नमुने तलवारीतच मोडतात. पाते जवळजवळ सरळ, मुठीपाशी रुंद, टोकाकडे निमुळते. पाठीवर रेल्वेरुळाच्या माथ्यासारखी रुंद पट्टी राखून खालचे पोलाद पातळ घडवतात. त्यामुळे वजन न वाढता पाते ताठ राहते आणि भोसकताना वाकत नाही. मुठीला शिंगाचे किंवा हाडाचे दोन तुकडे रिव्हेटने जोडतात. हाताला आड काही नसल्याने छुरा कातडी म्यानात खोल उतरतो, मुठीचे जेमतेम टोक बाहेर दिसते.

अफगाणिस्तानचे अमीर अब्दुर रहमान (कारकीर्द १८८०–१९०१) यांच्या काळात काबूलच्या माशीनखान्यात (सरकारी शस्त्रकारखान्यात) सैन्यासाठी छुऱ्याच्या घडणीची, पण बोटांना आड असलेली हत्यारे तयार झाली. त्यांवर सरकारी ठसा आढळतो.