कामगार आणि स्वतंत्र कंत्राटदार (भारतीय कामगार कायदा)

मालकाच्या नोकरीत राहून काम करणारा तो कामगार. ठरलेले काम आपल्या पद्धतीने व आपल्या जोखमीवर पुरे करून देणारा तो स्वतंत्र कंत्राटदार. भरपगारी रजा, कामाचे तास, नोकरकपातीची भरपाई ही संरक्षणे सामान्यतः पहिल्यालाच मिळतात.

दोघांना वेगळे करणारी नियंत्रणाची कसोटी, म्हणजे काम कसे करायचे हे मालक ठरवू शकतो का हे पाहणे, इंग्लंडमधील येवेन्स विरुद्ध नोक्स (1880) या निकालातून आली, असे बहुधा सांगितले जाते. तो खटला मात्र घरावरील कराच्या सवलतीचा होता. नोकराच्या चुकीला मालक किती जबाबदार, या त्याआधीच्या खटल्यांत तिचे मूळ शोधणे अधिक सयुक्तिक दिसते.

भारतात धरांगध्रा केमिकल वर्क्स खटल्यात (1957) मिठागरांत मीठ पिकवणारे अगरिया हे कामगार ठरले. ते हंगामी होते, मजुरी मालावर घेत, हाताखाली स्वतःची माणसे लावत. तरी मीठ कसे पिकवायचे यावर देखरेख कंपनीची होती.

विडी उद्योगात मात्र ही कसोटी डळमळली. चिंतामण राव खटल्यात (1958) विड्या वळवून आणून देणारे सट्टेदार कंत्राटदार ठरले. नागपूरच्या बिरधीचंद शर्मा खटल्यात (1961) कारखान्यात बसून वळणारे कामगार ठरले. येण्याजाण्याची वेळ त्यांच्या मर्जीची होती, पण दिवसअखेर विड्या तपासून खराब माल नाकारण्याचा मालकाचा हक्क न्यायालयाने नियंत्रण म्हणून पुरेसा मानला. शंकर बालाजी वाजे खटल्यात (1962) जवळजवळ तशाच वळणाऱ्याला बहुमताने कामगार मानले नाही. पाने कापायला घरी नेता येत आणि रोज यायचे बंधन नव्हते, म्हणून. न्या. सुब्बा राव यांचे मत विरुद्ध होते. तंबाखू व पाने मालकाची, विडी नाकारून मजुरी न देण्याचा हक्कही मालकाचा, हे पाहता त्यांचेच मत भक्कम वाटते. 1966च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी वळणाऱ्यांनाही कक्षेत घेतले. 1974 साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला.

सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउस खटल्यात (1973) नगावर शिवणारे शिंपी कामगार ठरले. मशीन दुकानाचे होते आणि सदोष शिवण उसवून पुन्हा शिवायला लावण्याचा हक्क दुकानदाराला होता. नियंत्रण ही एकमेव कसोटी नव्हे, हेही तिथे स्पष्ट झाले.

महाराष्ट्राच्या 1969च्या माथाडी कायद्याने ओझी वाहणाऱ्या हमालांसाठी मंडळात नोंदणीची वेगळी वाट काढली. अॅपवरून काम करणाऱ्यांना 2020च्या सामाजिक सुरक्षा संहितेने पारंपरिक मालक-नोकर नात्याबाहेरचे मानले आहे. त्यांच्यासाठीच्या निधीत अॅप कंपन्यांनी उलाढालीच्या 1 ते 2 टक्के रक्कम भरायची आहे. भरपगारी रजा त्यात नाही.