सारसाच्या घरट्यापाशी बादशहा

१६१२ साली बादशहा जहांगीरचा सरदार मुकर्रब खान गोव्याहून आग्र्याला परतला, तो पोर्तुगिजांकडून घेतलेले अजब प्राणी घेऊनच. त्यांत एक टर्की होता. जहांगीरने रोजनिशीत त्याचा रंग टिपला: गडी रंगात आला की डोकं-मान पोवळ्यासारखी लाल, जरा वेळाने कापसासारखी पांढरी, कधी पिरोजी. पणजोबा बाबराने प्राण्यांची वर्णनं लिहिली, पण चित्रं काढवून घेतली नाहीत, अशी त्याची तक्रार. मग चित्रकार कामाला लागले.

त्याचा खरा जीव सारसांच्या जोडीवर. नावं लैला आणि मजनू. या जोडीने अंडी घातली, तेव्हा बादशहाने नोंदीच ठेवल्या. रात्रभर मादी उबवायला बसते, नर शेजारी उभा राहून राखण करतो. पहाटे नर येऊन चोचीने तिची पाठ खाजवतो, ती उठते, तो बसतो. पहिलं पिल्लू ३४ दिवसांनी बाहेर आलं. आजचे पक्षितज्ज्ञही सारसाची उबवण साधारण महिनाभराचीच सांगतात. गोंदियाच्या धानाच्या बांध्यांमध्ये सारस पाहणाऱ्यांना नर-मादीची ही आळीपाळी ओळखीची वाटेल.

ऐकीव गोष्टीवर तो चटकन विश्वास ठेवत नसे. १६२१ मध्ये झेब्रा आला, तेव्हा पट्टे कुणी रंगवले तर नाहीत ना, याची त्याने आधी खात्री करून घेतली. पाळलेल्या चित्त्यांच्या जोडीला पिल्लं झाल्याचंही त्याने लिहून ठेवलं. अकबराने पुष्कळ खटपट करूनही ते जमलं नव्हतं. बंदिवासातल्या चित्त्याच्या पिल्लांची पुढची खात्रीशीर नोंद थेट १९५६ची, फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातली.

याला निसर्गप्रेमी म्हणायला मात्र माझी जीभ अडखळते. वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंतच्या शिकारीचा हिशोबही त्यानेच मांडलाय: एकूण २८,५३२ जनावरं, त्यातली १७,१६७ स्वतःच्या हाताने मारलेली. उबवणीचे दिवस मोजणारा आणि मुडदे मोजणारा माणूस एकच.

त्याचा लाडका चित्रकार मन्सूर. काश्मीरच्या शंभरावर फुलांची चित्रं त्याने काढली. सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयातलं डोडोचं चित्रही त्याचंच मानतात, सही नसली तरी. पुढे डोडो जगातूनच नाहीसा झाला, त्यामुळे चित्र पडताळायला पक्षी उरला नाही. पण त्याच कागदावर डोडोभोवती आपल्याकडचे पक्षी आहेत, आणि ते पिसागणिक ओळखू येतात. म्हणून मधल्या त्या बेढब पाहुण्यावरही विश्वास बसतो.