कुत्र्यांची स्मृती व बोधन

पाळीव कुत्रा ज्ञानेंद्रियांनी मिळालेली माहिती कशी ग्रहण करतो, ती किती काळ धरून ठेवतो आणि पुढे नव्या प्रसंगी तिचा कसा उपयोग करतो, या प्रश्नांचा विचार कुत्र्यांची स्मृती व बोधन या विषयात होतो. रशियन शरीरक्रियावैज्ञानिक इव्हान पाव्हलॉव्ह यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी अभिसंधित प्रतिक्षेपाचे, म्हणजे एखाद्या खुणेला सवयीने आपोआप दिल्या जाणाऱ्या प्रतिसादाचे, प्रयोग कुत्र्यांवरच केले. परंतु त्यांना कुत्र्याच्या मनापेक्षा शिकण्याच्या सर्वसामान्य यंत्रणेत रस होता. त्यानंतर बराच काळ, माणसाच्या सहवासाने ज्याचे नैसर्गिक वर्तन उरले नाही असा प्राणी म्हणून संशोधकांनी कुत्र्याकडे दुर्लक्षच केले. १९९४ मध्ये बूडापेस्टच्या एटवश लोरांड विद्यापीठात घरगुती कुत्र्यांवरील संशोधन सुरू झाले आणि हा सहवासच अभ्यासाचा विषय बनला. तीच या अभ्यासातली मुख्य अडचणही आहे, कारण पाहणाऱ्याला जी कुत्र्याची आठवण वाटते ती अनेकदा समोरच्या माणसाची नजर, आवाज व हालचाल यांचा त्याने त्याच क्षणी लावलेला अर्थ असतो.

तात्पुरती माहिती धरून ठेवणारी कार्यकारी स्मृती कुत्र्यात मर्यादित असते. चार खोक्यांपैकी एकामागे वस्तू दडवून मध्ये पडदा धरला, तर वेळ जाईल तशा शोधण्यातल्या चुका वाढतात. तरीही २४० सेकंदांनंतर कुत्रे केवळ अंदाजाने मिळेल त्यापेक्षा अधिक यश मिळवतात, असे २००३ मधील एका अभ्यासात आढळले. दीर्घकालीन स्मृतीचे चित्र निराळे आहे. बीगल जातीच्या ४४ कुत्र्यांच्या गटाला एक कौशल्य शिकवताना, रोज सराव झालेल्यांपेक्षा आठवड्यातून एकदा-दोनदाच सराव झालेले कुत्रे कमी सत्रांत शिकले, आणि चार आठवड्यांनी घेतलेल्या चाचणीत शिकलेले सर्वच गटांच्या सारखेच लक्षात होते. गंधाची स्मृती तर विशेष टिकाऊ असते. लहानपणीच आईपासून दुरावलेली पिल्ले सुमारे दोन वर्षांनी केवळ कापडाला लागलेल्या वासावरून आईला ओळखू शकली, आईनेही त्यांना ओळखले. मात्र भावंडांची ओळख ज्यांच्यासोबत दुसरे एखादे भावंड राहत होते त्यांनाच पटली.

शिकवलेले लक्षात राहणे आणि घडलेला प्रसंग आठवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट कुत्र्याला जमते का, हे तपासण्यासाठी बूडापेस्टच्या संशोधक क्लॉदिया फुगात्सा, आदाम मिक्लोशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या क्षेत्रातला सर्वांत चतुर प्रयोग म्हणावा लागेल. सतरा कुत्र्यांना प्रथम, मालकाने केलेली कृती आज्ञा मिळताच तशीच करून दाखवण्यास शिकवले. नंतर सवय मुद्दाम बदलली : मालकाने काहीही केले, उदाहरणार्थ छत्रीला हात लावला, तरी कुत्र्याने आडवे पडायचे. पाहून झाल्यावर कुत्रा न सांगताच आडवा पडू लागला, म्हणजे नक्कल करावी लागेल ही अपेक्षा त्याला उरली नाही, असे मानून अचानक नकलेची आज्ञा दिली. लक्षात ठेवण्याचे कारण नसताना पाहिलेली कृती अनेक कुत्र्यांनी एका मिनिटानंतर, आणि काहींनी तासाभरानंतरही करून दाखवली. याला प्रासंगिक स्मृतीसदृश स्मृती म्हणतात. ‘सदृश’ हे विशेषण आवश्यक आहे, कारण भूतकाळ स्वतः अनुभवल्याची जी जाणीव मानवी आठवणीत असते ती प्राण्यात सिद्ध करण्याचा मार्ग उपलब्ध नाही.

शब्दस्मृतीच्या बाबतीत बॉर्डर कॉली जातीच्या दोन कुत्र्यांची नोंद झाली आहे. जर्मनीतील रिको याला दोनशेहून अधिक वस्तूंची नावे येत होती. वस्तू दुसऱ्या खोलीत मांडून त्याला आणायला पाठवले जाई, त्यामुळे मालकाच्या नजरेवरून उत्तर मिळण्याची शक्यता उरत नसे. ओळखीच्या वस्तूंत एक अनोळखी वस्तू ठेवून अपरिचित नाव उच्चारल्यास, हे नाव त्या नव्या वस्तूचेच असणार असे तो वगळण्याच्या पद्धतीने ओळखी. दहापैकी सात वेळा त्याने तसे केले. हे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील चेसर ही कुत्री तीन वर्षांच्या शिक्षणात १,०२२ वस्तूंची नावे शिकली. असे कुत्रे फार विरळा असून, त्यांच्यावरून सर्व कुत्र्यांविषयी अनुमान काढणे योग्य नाही.

माणसाने बोटाने दाखवलेल्या दिशेचा अर्थ कुत्र्याला चिंपांझीपेक्षा चांगला कळतो, आणि न सुटणारे काम समोर आल्यास तो माणसाकडे पाहतो, तर माणसाळवलेला लांडगा सहसा स्वतःच खटपट करत राहतो. या कौशल्यामुळे मालकांची फसगतही होते. काही बिघडवल्यावर कुत्रा ‘अपराधी’ चेहरा करतो, तेव्हा त्याला आपली चूक आठवते असे समजले जाते. न्यूयॉर्कच्या संशोधिका अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये, कुत्र्याने चूक केली की नाही याची खरी-खोटी माहिती मालकांना देऊन तपासले असता, तो चेहरा अपराधावर नव्हे तर मालकाच्या रागावण्यावर अवलंबून असल्याचे दिसले. मुळीच चूक न केलेले कुत्रेही रागावल्यावर तसेच वागले.

कुत्र्याच्या प्रमस्तिष्क बाह्यकात (मोठ्या मेंदूच्या बाहेरच्या थरात) सुमारे ५० कोटी चेतापेशी असतात, मांजरात त्याच्या सुमारे निम्म्या. परंतु या संख्येवरून बुद्धीची प्रतवारी लावण्याचा मोह टाळलेला बरा. एकमेकींवरून गेलेल्या दोन दोऱ्यांपैकी खाऊ बांधलेली दोरी ओढण्याच्या साध्या चाचणीत कुत्रे हटकून चुकतात. ‘दोन वर्षांच्या मुलाएवढी बुद्धी’ हे लोकप्रिय विधान म्हणूनच फारसे उपयोगाचे नाही.

वार्धक्यात अनेक कुत्र्यांना बोधनिक ऱ्हासाचा विकार जडतो. ओळखीच्या घरात वाट चुकणे, दाराच्या बिजागरीच्या बाजूला उभे राहून ते उघडण्याची वाट पाहणे, रात्री जागे राहणे, शौचाची शिस्त विसरणे ही त्याची लक्षणे होत. कॅलिफोर्नियातील २००१ च्या एका अभ्यासात अशा लक्षणांपैकी किमान एक प्रकार ११-१२ वर्षांच्या २८ टक्के आणि १५-१६ वर्षांच्या ६८ टक्के कुत्र्यांत आढळला. अशा कुत्र्यांच्या मेंदूत अल्झायमर विकाराप्रमाणेच बीटा-अमायलॉइड प्रथिन साचते, त्यामुळे मानवी विकाराच्या संशोधनातही त्यांचा उपयोग होतो. उपचारात सेलेजिलीन हे औषध वापरतात. वृद्ध बीगल कुत्र्यांवर दोन वर्षांहून अधिक काळ चाललेल्या प्रयोगात, प्रतिऑक्सिडीकारकयुक्त (ऑक्सिडीकरणाने होणारी पेशींची हानी रोखणारे पदार्थ असलेला) आहार आणि खेळ, सोबत व नवे शिकण्याची संधी हे दोन्ही एकत्र मिळालेल्या गटाची शिकण्याची क्षमता सर्वाधिक टिकून राहिली.