रोबोट्स डॉट टीएक्सटी की नोइंडेक्स? पान 'ब्लॉक' करण्याआधी हे वाचा

रँकिंग सुधारायचं म्हटलं की सगळे आधी कीवर्ड आणि बॅकलिंकच्या मागे लागतात, पण आपली कुठली पानं गूगलने वाचावीत आणि कुठली रिझल्टमध्ये दिसावीत हेच नीट ठरवलेलं नसेल तर पुढची बरीच मेहनत पाण्यात जाते. आणि गल्लत होते ती नेमकी इथेच. रोबोट्स डॉट टीएक्सटी फाइलमधलं डिसअलाउ (सर्च इंजिनला 'इथे येऊ नका' सांगणारी ओळ) आणि पानावरचा नोइंडेक्स टॅग ('हे रिझल्टमध्ये दाखवू नका' सांगणारी खूण), दोन्हीला लोक सरसकट "पान ब्लॉक केलंय" म्हणतात. पण दोघांचं काम वेगळं आहे, आणि चुकीच्या जागी चुकीचं वापरलं तर परिणाम अगदी उलटा होतो.

सर्च इंजिनचा बॉट, म्हणजे आपोआप पानं वाचत फिरणारा प्रोग्राम, आधी पानावर येऊन ते वाचतो, याला क्रॉल म्हणतात. मग वाचलेलं साठवलं जातं, ते इंडेक्स. डिसअलाउ पहिल्या पायरीवर काम करतं, नोइंडेक्स दुसऱ्या. एवढं डोक्यात पक्कं बसलं तर अर्धा गोंधळ संपतो.

रोबोट्स डॉट टीएक्सटी ही साइटच्या रूटवर, म्हणजे सगळ्यात वरच्या फोल्डरमध्ये, ठेवलेली साधी टेक्स्ट फाइल. १९९४ मध्ये मार्टाइन कोस्टर यांनी ही पद्धत सुचवली, कारण तेव्हाचे बॉट सर्व्हरवर नको इतका लोड टाकत होते. म्हणजे मुळापासून हा प्रश्न "इथे येऊ नका" एवढाच आहे, "हे दाखवू नका" असं ती फाइल कधी म्हणतच नाही. (औपचारिक स्टँडर्ड व्हायला मात्र २०२२ उजाडलं.) त्यामुळे होतं काय, की तुम्ही एखादं पान डिसअलाउ केलं आणि त्याला दुसऱ्या कुठल्या साइटवरून लिंक असेल तर गूगलला त्या पानाचा पत्ता कळतो, आत काय आहे ते कळत नाही, आणि तरी ते पान रिझल्टमध्ये येऊ शकतं, नुसता पत्ता किंवा लिंकवरच्या मजकुरातून उचललेलं टायटल, आणि खाली माहिती उपलब्ध नाही अशा अर्थाची एक ओळ. सर्च कन्सोलमध्ये (साइट मालकांसाठीचं गूगलचं मोफत टूल) यासाठी चक्क वेगळा शेरा आहे, "इंडेक्स्ड, दो ब्लॉक्ड बाय रोबोट्स डॉट टीएक्सटी". हा शेरा बघून खूप जण चक्रावतात, पण त्यात विसंगत काहीच नाहीये.

नोइंडेक्स हा पानाच्या कोडमधल्या हेड भागात टाकायचा मेटा टॅग, वाचकाला न दिसणारी सूचना. बॉट येतो, पान वाचतो, टॅग दिसतो आणि पान रिझल्टमधून काढलं जातं. पीडीएफमध्ये एचटीएमएलचा हेड नसतो, तिथे हीच सूचना सर्व्हर फाइलसोबत पाठवतो त्या हेडरमधून द्यायची, त्याला एक्स-रोबोट्स-टॅग म्हणतात. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, मग जुनी पीडीएफ वर्षानुवर्षं रिझल्टमध्ये पडून राहते.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. पान नक्की जावं म्हणून लोक दोन्ही एकदम लावतात, डबल सेफ्टी म्हणून. आणि तिथेच सगळं फिसकटतं, कारण डिसअलाउमुळे बॉट पान उघडतच नाही, आणि उघडलंच नाही तर आतला नोइंडेक्स त्याला दिसणार कसा? हे म्हणजे दाराला कुलूप लावायचं आणि निरोपाची चिठ्ठी घरातल्या टेबलावर ठेवायची. पान काढायचं असेल तर नोइंडेक्स लावा आणि दार उघडं ठेवा, बॉट पुन्हा येऊन वाचेपर्यंत थांबा, त्याला काही दिवस लागतील नाहीतर काही आठवडेही. फारच घाई असेल तर सर्च कन्सोलमधलं रिमूव्हल्स टूल वापरा, पण त्याने पान साधारण सहा महिनेच लपतं, तेवढ्यात नोइंडेक्सचं काम करून घ्यावंच लागतं.

काही जुन्या लेखांमध्ये रोबोट्स डॉट टीएक्सटीमध्येच नोइंडेक्सची ओळ लिहा असं सापडेल. तसं करू नका, १ सप्टेंबर २०१९ पासून गूगल ती ओळ मानत नाही.

मग डिसअलाउ वापरायचं कधी? जिथे बॉटने वेळ घालवण्यात अर्थच नाही तिथे. रंग, साइज, किंमत असे फिल्टर एकमेकांत मिसळून एकाच यादीचे हजारो पत्ते तयार होतात, अशा ठिकाणी ते खरंच उपयोगी पडतं. मात्र क्रॉल बजेटची (बॉट तुमच्या साइटवर किती पानं वाचेल त्या मर्यादेची) काळजी सगळ्यांनी करायची गरज नाही, गूगलच्या स्वतःच्या गाइडनुसार तो विषय दहा लाखांच्या वर पानं असलेल्या किंवा रोज बदलणारी दहा हजारांच्या वर पानं असलेल्या साइटचा आहे. शे-दोनशे पानांच्या साइटने यात डोकं घालू नये, कंटेंट नीट करावा. आणि सीएसएस, जावास्क्रिप्टचे फोल्डर कृपा करून ब्लॉक करू नका, गूगल पान ब्राउझरसारखं रेंडर करून बघतं, त्या फाइल मिळाल्या नाहीत तर पान त्याला मोडकंतोडकं दिसतं आणि रँकिंगला फटका बसू शकतो.

लिहितानाही जपून. डिसअलाउ कोलनच्या पुढे काहीच नसेल तर सगळी साइट खुली, आणि पुढे एकच स्लॅश असेल तर सगळी साइट बंद! टेस्टिंगच्या वेळी टाकलेला तो स्लॅश लाइव्ह साइटवर तसाच राहतो आणि ट्रॅफिक का आटलं ते कळत नाही. शिवाय नियम पत्त्याच्या सुरुवातीशी जुळवला जातो, म्हणजे 'स्लॅश न्यू' बंद केलं की 'स्लॅश न्यूज' आणि 'स्लॅश न्यूजलेटर' पण गेलं. वर्डप्रेसवाल्यांनी सेटिंग्जमधल्या रीडिंगमध्ये जाऊन सर्च इंजिनला परावृत्त करणारी टिक बघावी, ५.३ व्हर्जनपासून ती टिक नोइंडेक्स लावते, म्हणजे रोबोट्स फाइल तपासून सगळं ठीक दिसेल आणि साइट तरीही रिझल्टमधून गायब होईल.

खाजगी मजकुरासाठी या दोन्हींवर विसंबू नका. रोबोट्स फाइल कुणीही उघडून वाचू शकतं, त्यात गुप्त फोल्डरचं नाव लिहिणं म्हणजे स्वतःच पत्ता देणं, आणि नोइंडेक्स लावलेलं पान लिंक असलेल्या कुणालाही उघडतं. तिथे पासवर्डच हवा.

आणि पान एकदा इंडेक्समधून गेलं की आता डिसअलाउ टाकू का, असं बरेच जण विचारतात. नका टाकू. नोइंडेक्स तसाच राहू द्या, बॉट त्या पानावर हळूहळू आपोआप कमी येतो, आणि डिसअलाउ टाकलंत तर उद्या बाहेरून एखादी लिंक आली की तो पत्ता पुन्हा रिझल्टमध्ये दिसू शकतो.